विंकोंचा सतबीर

ऑफिसच्या डोक्यावरून लढाऊ विमान गेलं की विंको चहाच्या कपात बघायचे. आमची कंपनी येरवड्याच्या पलीकडे, लोहगावचा विमानतळ जवळच. काचा थरथरायला लागल्या की आम्ही सगळे खिडकीशी धावायचो. ज्या एका माणसानं आयुष्यभर तसली विमानं उडवली होती, तो तेवढा मान खाली घालून बसलेला असायचा. आवाज विरला की विचारायचे, "गेलं? चला, कामाला लागा."

विंको म्हणजे विंग कमांडर. हवाई दलातून निवृत्त होऊन ते आमच्याकडे व्यवस्थापन बघायला आले होते. व्यवस्थापन म्हणजे बस, कँटीन, एसी आणि स्वच्छतागृहातला साबण. तेव्हा पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्या भराभर उघडत होत्या आणि प्रत्येकीला एक निवृत्त फौजी लागायचा. आम्ही विशी-पंचविशीतले, नव्या पगाराची मिजास असलेले. बस जरा उशिरा आली की लगेच तक्रारीचा मेल. विंको मेलला उत्तर द्यायचे नाहीत, स्वतः चालत जागेवर यायचे. "काय करून राहिलात मॅडम? बस उशिरा आली ना? चूक माझी."

हे "चूक माझी" त्यांच्या तोंडी सारखं असायचं. भाजी अळणी झाली, चूक माझी. लिफ्ट अडकली, चूक माझी. आमच्यातला सदाशिव पेठेतला जोशी एकदा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "साहेब, अमेरिकेतलं प्रोजेक्ट गेलं, तेही तुमच्याचमुळे का?" विंकोही तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "चौकशी करतो."

ते मूळचे नागपूरचे. वडील रेल्वेच्या कारखान्यात कामाला. दहा वर्षांचे असताना वडिलांचा हात धरून ते धम्मदीक्षेला गेले होते. "त्या दिवशी बाबांनी मान वर केली, ती कायमची. मला वाटलं, आपण तर आणखी वर जायचं," असं सांगायचे. वस्तीतला पोरगा फायटर पायलट झाला तेव्हा अख्खी गल्ली स्टेशनवर आली होती. पुढे अवकाशात पाठवण्यासाठी वैमानिक निवडत होते, त्यातही त्यांचं नाव बरंच पुढपर्यंत गेलं होतं, अशी ऑफिसात कुजबुज होती. जोशी म्हणायचा, "आपले अंतराळवीर सध्या वारजे-येरवडा कक्षेत असतात." आम्ही हसायचो. विंकोंच्या कानावर ते गेलं असणारच.

चीनचा पहिला माणूस अवकाशात गेला, त्या दिवशी कँटीनच्या टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. यानात बसलेला तो माणूस आधी लढाऊ वैमानिक होता, असं निवेदिका सांगत होती. कुणीतरी म्हणालं, "चायनाचा माल आहे, परत येईपर्यंत टिकला म्हणजे मिळवली." हशा पिकला. विंको मात्र खुर्चीवरून उठून सरळ उभे राहिले होते. बातमी संपेपर्यंत उभेच. मग माझ्या समोर येऊन बसले.

"काय माणूस आहे!" मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"आहेच. पण मॅडम, शेवटपर्यंत त्याच्याबरोबर आणखी काहीजण तयार असतील. ते आज कुठे बसून बघत असतील, ते माझ्या डोक्यातून जाईना."

आणि मग त्यांनी मला सतबीरची गोष्ट सांगितली.

सतबीर त्यांचा जिवलग सरदार दोस्त. एकाच स्क्वाड्रनमधले, शेजारी शेजारी घरं, याच्या घरची भाजी त्याच्या ताटात. निवडीच्या चाचण्यांना दोघं बरोबर गेले. गरगर फिरणाऱ्या खुर्चीतून उतरल्यावर सतबीर हसत बाहेर आला, पण खोलीत येऊन म्हणाला, "यार, डाव्या कानात काहीतरी वाजतं. कधी कधी विमान वळवताना जग उलटं होतं. कुणाला सांगू नकोस. जाईल आपोआप."

"दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं," विंको म्हणाले.

"बरोबरच केलंत ना? वर काही झालं असतं तर?"

"तेच मीही स्वतःला सांगितलं. पण डॉक्टरांच्या दाराशी उभा होतो तेव्हा मनात आलं होतं, एक नाव कमी होईल. ते आधी आलं का नंतर, हे मला आजही सांगता येत नाही."

सतबीरचं नाव कटलं. नुसतं अवकाशाच्या यादीतून नाही, त्याचं विमान उडवणंच कायमचं बंद झालं. पुढच्या फेरीत मणक्याच्या एका जुन्या दुखण्यापायी विंकोही गळले. ते परत जाऊन विमानात बसले, सतबीर कचेरीतल्या टेबलाशी. त्यानं भांडण केलं नाही. सामान हलवायच्या दिवशी एवढंच म्हणाला, "खरं बोललास. पण आधी मला तर सांगायचंस." त्यानंतर दोघं बोलले नव्हते.

चहावर साय धरली होती. विंको उठले आणि साबणवाल्याला फोन करायला गेले.

पुढच्याच हिवाळ्यातली गोष्ट. वारज्याच्या बसवर शेलार नावाचे ड्रायव्हर होते, पन्नाशीचे, मितभाषी. अंधार पडला की ते गतिरोधकावर गाडी आदळायला लागले, एकदा तर सायकलवाल्याला थोडक्यात चुकवलं. एका संध्याकाळी विंको आमच्या बसमध्ये चढले आणि शेलारांच्या मागच्या सीटवर बसून राहिले. शेवटच्या थांब्यावर मी एकटीच उरले होते. उतरताना ऐकलं.

"शेलार, तुम्हाला संध्याकाळी दिसत नाही."

"साहेब, शुगर वाढलीय. गोळ्या चालू आहेत. होईल नीट. वर कळवू नका, पाया पडतो."

"उद्या सकाळी कळवणार आहे. कळवावंच लागेल. पण तुम्हाला आधी सांगायला आलोय."

"म्हणजे काय फरक पडला?" शेलारांनी स्टिअरिंगवर हात आपटला. "आधी सांगितलं काय अन् नंतर काय! नोकरी तर गेलीच ना?"

विंको तिथेच, बंद गाडीत, शेलारांच्या मागे कितीतरी वेळ बसून राहिले. वरिष्ठांशी भांडून त्यांनी शेलारांना बस सोडण्याच्या कचेरीत घेतलं, डोळ्यांवर उपचार करवले. शेलारांनी काम धरलं, पण साहेबांना नमस्कार करणं सोडलं. मी हे बोलून दाखवलं तर विंको म्हणाले, "त्यांचा राग बरोबर आहे. मला वाटलं होतं, आधी सांगितलं की मन हलकं होतं. नाही होत. फक्त समोरच्याच्या डोळ्यांत बघता येतं."

कंपनीतूनही निवृत्त झाल्यावर ते डेहराडूनला गेले, सतबीरकडे. परत आल्यावर मी विश्रांतवाडीच्या घरी भेटायला गेले. त्यांच्या पत्नीनं पोहे पुढे ठेवले, पण विंको खात नव्हते.

"त्याचे दोन्ही कान गेलेत हो," ते म्हणाले. "जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. एवढी वर्षं मी वाक्यं जुळवत होतो. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि कळलं, आता ओरडावं लागेल. ओरडून कुणाची माफी मागता येते का?"

"मग?"

"त्याच्या बायकोनं पाटी आणून दिली. सगळे पाटीवरच लिहून बोलतात त्याच्याशी. मी लिहिलं, मला माफ कर. त्यानं वाचलं. बाहीनं पुसून टाकलं आणि पाटी माझ्याकडे परत सरकवली. म्हणाला, दुसरं काहीतरी लिही."

"म्हणजे माफ केलं ना?" मी विचारलं.

"तुम्हाला तसं वाटतं?" त्यांनी इतक्या आशेनं विचारलं की मला त्यांच्याकडे बघवेना. मग स्वतःच म्हणाले, "मी हवामान लिहिलं. पुण्यात यंदा ऊन फार आहे."

त्यानंतर ते दर वर्षी डेहराडूनला जात राहिले, बाकरवडीचे पुडे घेऊन. तो विषय पुन्हा काढला नाही. पुण्याहून निघताना मात्र दर वेळी तोंड उतरलेलं असायचं, परीक्षेला निघालेल्या मुलासारखं.

विंको गेले ते झोपेत. घरी बुद्धवंदनेला आम्ही जुने ऑफिसवाले जमलो होतो. पांढऱ्या कपड्यातली माणसं डोळे मिटून बसलेली, भन्तेजी शांत स्वरात गाथा म्हणत होते. एवढ्यात दारात एक उंच, वाकलेले सरदारजी आले. बायकोनं दंडाला धरलं होतं. ते फोटोसमोर उभे राहिले. वंदना चालू आहे हे त्यांना ऐकू येत नव्हतं. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं, ते फोटोलाच विचारल्यासारखे म्हणाले, "पायलट तो मुझसे अच्छा था। फिर मुझसे डरता क्यों था?"

कुणीही त्यांना गप्प केलं नाही.