अंगठ्यापर्यंतची वाट

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. विज्ञान शिकता शिकता मला देवाविषयी शंका वाटू लागली होती, पण ती कुणाजवळ बोलायचं धाडस नव्हतं. अशा मनानंच मी मे महिन्याच्या सुट्टीत व्हिजिट व्हिसावर बाबांकडे कुवेतला गेलो.

बाबा तिथल्या शुवैख भागातल्या एका वर्कशॉपमध्ये खिडक्यांना काचा बसवत. मी जाण्याच्या थोडं आधी एक काच निसटून त्यांच्या उजव्या तळव्यात घुसली होती. जखम भरली, पण अंगठा बधिरच राहिला. चिमटीतला स्क्रू पडला तरी बघितल्याशिवाय त्यांना कळत नसे. असा हात घेऊन काचकाम किती दिवस टिकणार?

हॉस्पिटलातल्या इजिप्शियन डॉक्टरबाईंनी सांगितलं की अंगठ्याकडे जाणारा मज्जातंतू तुटलाय आणि टोकांमध्ये अंतर पडलंय. पायातला तंतू काढून जोडता येईल, पण पावलाचा थोडा भाग कायमचा बधिर होईल. नाहीतर मध्ये एक बारीक नळी बसवायची. तंतू तिच्यातून आपला आपण वाढत जातो आणि पुढे नळी शरीरात विरघळते. अशी एकच नळी त्यांच्याकडे होती. दुसऱ्या रुग्णासाठी आलेली, त्याला ती लागलीच नव्हती. मग त्या मला हळूच म्हणाल्या, "तुम्ही हिंदू ना? ही गाईच्या शरीरातल्या प्रथिनापासून केलेली असते. विचार करून उद्या सकाळी सांगा."

बाबा कोकणातल्या आमच्या गावच्या देवाचा कौल घेतल्याशिवाय मोठं काही करत नसत. देवाला पाकळ्या लावायच्या आणि उजवीकडची पडली की होकार समजायचा. पण गावचा फोन लागेना. जलीब वस्तीतल्या आपल्या खोलीत बाबा पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिले.

"देवाक काय व्हिसा लागता?" त्यांच्यासोबत खोलीत राहणाऱ्या गाववाल्यांपैकी शंकरकाका म्हणाले. "हयसूनच घाल गाऱ्हाणा."

"आणि कौल कोण देतलो? तू?"

"मी दिलंय तर हाताबरोबर पायव जातलो तुझो!"

बाबासुद्धा हसले. मग उठून उभे राहिले. देवापुढे सगळ्यांसाठी मोठ्यानं मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची, हे आमच्याकडचं गाऱ्हाणं. बाबांनी खोलीतल्या प्रत्येकासाठी मागितलं. कुणाची नोकरी, कुणाच्या बहिणीचं लग्न. शेवटी ते स्वतःपाशी आले. "माज्या हाताचा तूच बघ रे म्हाराजा. माका समजणा नाय." मग सगळ्यांनी साथ दिली. त्यात माझाही आवाज होता, हे मला नंतर जाणवलं.

गाऱ्हाणं झाल्यावर बाबांनी विचारलं, "ती नळी हातात रवता काय कायमची?"

"नाय बाबा. तंतू पोचलो की विरघळता."

"म्हणजे तिका सोताक काय नको. वाट देता नि जाता." ते हाताकडे बघत राहिले. "मगे ती गायच. घाल म्हणान सांग तेंका."

शस्त्रक्रिया झाली आणि मी परत आलो. डॉक्टरबाई दर भेटीत बाबांच्या तळव्यावर बोटानं टकटक करत. जिथं मुंग्या येत, तिथवर तंतू पोचलेला. ती जागा पुढे सरकतेय, असं बाबा फोनवर सांगत. इकडे मी लायब्ररीत वाचत होतो. तुटलेल्या टोकाला कोवळा कोंब फुटतो, दिवसाला तांदळाच्या दाण्याहूनही कमी वाढतो आणि अंधारात पुढे जातो. त्याला दिशा देणारी रसायनं पुस्तकात होती. ती पाठ करताना माझ्या अंगावर काटा यायचा. कारण कळलं म्हणून आश्चर्य कमी होत नव्हतं, उलट वाढत होतं.

दिवाळीनंतर एकदा फोन आला. बाबा ओरडतच होते, "चटको बसलो रे! चायच्या गिलासाचो! अंगठ्याक!"

मागून शंकरकाकांचा आवाज आला, "खुळो झालो तुझो बापूस! परत परत गिलास धरता!"

मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. फोन ठेवून मी हात जोडले. डॉक्टरबाईंना, ज्याला नळी लागली नाही त्या अनोळखी माणसाला, त्या गाईला आणि ज्याच्याविषयी मला शंका होती त्यालाही. शंका अजून येते. पण एक मला उमगलं आहे. तुटलेल्या दोन टोकांमधलं अंतर भरून काढणं दर वेळी आपल्या हातात नसतं. तिथं जागा मोकळी ठेवून थांबावं. वाढवणारा वाढवतो.