सराईचा उंबरठा

मुलीच्या क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल लावलं की मला स्टेट कॉलेज या अमेरिकन गावाजवळची ती जुनी सराई आठवते. शिकत असताना मी रविवारी तिथे झाडलोटीला जायचो. एकेकाळी घोडागाड्यांतून उतरलेल्या प्रवाशांच्या बुटांनी तिचा लाकडी उंबरठा मधोमध झिजला होता, आणि तो बदलावा लागू नये म्हणून तिथल्या म्हाताऱ्या बाई त्याला हेच तेल चोळत बसायच्या. "तू नेहमी ओलांडून का येतोस?" त्यांनी एकदा विचारलं. "आमच्याकडे उंबरठ्यावर पाय देत नाहीत," मी म्हणालो. पुढच्या रविवारी दारावर पाटी लागली होती, 'कृपया ओलांडून या.' आता राहतो त्या चँडलर शहरातल्या आमच्या घराला उंबरठा नाही. गेल्या उन्हाळ्यात मुलीला सराई दाखवायला नेलं, तर मी सरळ तिच्या उंबरठ्यावर पाय दिला. "बाबा, साइन वाच ना," ती पाटीकडे बोट दाखवून म्हणाली.