गिरणीवरून आलेली वायर

शुक्रवारी मला खुर्चीत बसवत नाही. लाईट बंद ठेवून दुरुस्ती करायचा आमचा तो वार. आमची कंपनी घरोघरी वीज पुरवते आणि तिथं नियमपालनाचं काम माझ्याकडे आहे. वीज नियामक आयोगानं घालून दिलेले नियम आमच्याकडून पाळले जातात की नाही ते बघायचं, आणि तसा अहवाल पाठवायचा. दुरुस्तीसाठी वीज बंद करायची असेल तर ग्राहकाला आदल्या दिवशी कळवायचं, हा त्यातला एक साधा नियम. मोबाइलवर मेसेज जातो, पोचला की संगणकावर हिरवी खूण उमटते. पडदाभर हिरवं दिसलं की आमचे साहेब खूश होतात. मला उलट पाय हलवत बसायची सवय लागली होती. इतकं सगळं सुरळीत मी आमच्या खात्यात दुसऱ्या कुठल्याच बाबतीत पाहिलेलं नाही.

त्या शुक्रवारी गारखेड्याच्या एका भागात पावसाळ्यापूर्वी तारांवर आलेल्या फांद्या तोडायचं काम होतं. सगळे मेसेज पोचलेले. सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. हा नंबर बिलाच्या मागं बारीक अक्षरात छापलेला असतो, आणि तो सहसा कुणी वाचत नाही.

"ताई, लाईट कधी येणार?" बाईचा आवाज होता. "यांना घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेलं आहे. ते लाईटवर चालतं."

"काल मेसेज आला नाही का?"

"कसला मेसेज?"

मी मीटर नंबर विचारला. समोर हिरवी खूण होती. कनेक्शन घरमालकाच्या नावावर, मोबाइल घरमालकाचा, आणि घरमालक राहतो पुण्यात. मेसेज वेळेवर पुण्याला पोचला होता.

घरात एक लहान सिलेंडर होता, तो लावलाय, पण काटा खाली चाललाय, असं त्या म्हणाल्या. दुसरा सिलेंडर घेऊन गाडी चितेगावहून निघाली होती. "निघालोय म्हणतो. मघापासून निघालोयच म्हणतो." दवाखान्यात न्यायचं तर दोन जिने उतरायचे, आणि जिना उतरतानाच नवऱ्याला जास्त दम लागतो.

मी कामावरच्या अभियंत्याला फोन लावला. पोलवर चढण्याआधी माणसं लाईट बंद असल्याचं परमिट घेतात. काम उरकून ते परमिट परत येईपर्यंत वीज सोडायची नाही, कुणीही सांगितलं तरी.

"मॅडम, माझी माणसं वर हायत," तो म्हणाला. "मागच्या मीटिंगला तुम्हीच दम दिलाय, मंत्र्याचा फोन आला तरी लाईट सोडायची नाय म्हणून."

"तो दम कायम आहे. काम कधी उरकेल?"

"मोठी फांदी तारेवर आडवी पडलीय. दुपार होईल."

त्याच्याशी बोलण्यात अजून वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी पर्स उचलली आणि स्कूटी काढली. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल लागला.

घरात ते गृहस्थ पलंगावर उशीला टेकून बसले होते. नाकात नळी, नजर सिलेंडरच्या काट्यावर. बायको त्यांच्या आणि काट्याच्या मध्ये उभी राहायचा प्रयत्न करत होती. मला काय करावं सुचेना, म्हणून मी बाल्कनीत गेले. तिथं मला घरघर ऐकू आली. रस्त्यापलीकडं पिठाची गिरणी चालू होती. ती बाजू दुसऱ्या फीडरवर, म्हणजे वेगळ्या मुख्य लाईनवर आहे, तिथली लाईट गेलेलीच नव्हती.

गिरणीवाल्याला मी ओळखत होते. शेजारच्या हळदीच्या मांडवाला त्यानं आपल्या मीटरवरून वायर दिली होती, आणि आमच्या वीजचोरी पकडणाऱ्या पथकानं त्याला नोटीस काढली होती. तो तक्रार घेऊन आला, तेव्हा सुनावणीत कंपनीची बाजू मीच मांडली होती.

"या मॅडम," तो म्हणाला. "दळण आणलं का?"

"वायर पाहिजे. समोरच्या घरात दुसऱ्या मजल्यावर न्यायची आहे." कारण मी दोन वाक्यांत सांगितलं.

त्यानं पिठानं माखलेले हात झटकले. "एका मीटरची वीज दुसऱ्याच्या घरात गेली की ती बेकायदेशीर, देणारा कितीही भला असू द्या. सगळ्यांसमोर तुम्हीच म्हणल्या होत्या ना?"

"म्हणाले होते."

"मग आज काय कायदा बदलला?"

"नाही बदलला. वायर आहे का?"

डबे घेऊन बसलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, "द्या की भाऊ, मॅडम सोता मागायल्यात. असं रोज होतंय व्हय?"

"अन् उद्या पथक आलं तर?"

"मला फोन करा."

"तुम्हीच पथक घेऊन आल्या तर?"

"तर चहा पाजा. आता चला."

बोलता बोलता तो आत जाऊन वायरचं भेंडोळं घेऊनच आला होता. बाल्कनीतून त्या बाईंनी साडी वाळत घालायची काठी दोरीला बांधून खाली सोडली, गिरणीवाल्यानं तिला वायर बांधली आणि बाईंनी वर ओढून घेतली. वायर रस्त्यावर लोंबायला लागली, तेव्हा एका टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मी काठी मागून घेतली आणि वायर उंच धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. वरून मशीनची शिट्टी ऐकू आली. मग त्याचा धापा टाकल्यासारखा आवाज सुरू झाला. "चाललं!" बाई ओरडल्या, आणि लगेच आत पळाल्या.

मी तशीच उभी असताना साहेबांचा फोन आला. एका हातात काठी, एका हातात फोन.

"आजचं गारखेडा शंभर टक्के ना?"

"नाही."

"अहो, सगळं हिरवं दिसतंय."

"ते पुण्यात हिरवं आहे, साहेब. आल्यावर सांगते."

लाईट आली तेव्हा दुपार कलली होती, सिलेंडरची गाडी त्यानंतर आली. मी वर गेले. गृहस्थांना तोपर्यंत डुलकी लागली होती. मी वायर सोडायला हात लावला तर बाईंनी अडवलं. "थोडा वेळ राहू द्या, ताई. तुमची लाईट टिकते का बघू." मी हात मागं घेतला.

घरात राहणाऱ्याचाही नंबर घ्यायचा, असं परिपत्रक मी नंतर काढून घेतलं. अर्ध्या शहरात अजून कुणी घेतलेला नाही. ते होईपर्यंत अशी घरं शोधून गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः फोन करते. परवा गारखेड्याच्या बाईंना सांगितलं, "उद्या लाईट जाणार आहे."

"माहितीय, ताई," त्या म्हणाल्या. "गिरणीवाल्या भाऊंनी आत्ताच वायर टाकून ठेवली."

मला ऐकू आलं नाही, असं सांगून मी फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला.