घाणेरीच्या मुळाखालचा राखणदार

आमच्या बोरीवलीच्या इमारतीमागे एक राखणदार आहे, जागेची राखण करणारा देव. सोसायटीतली नवी मंडळी त्याला स्वयंभू म्हणतात. मी आजवर मान डोलावत आलो. आता इमारत पाडायची ठरली आहे आणि राखणदाराला नव्या जागी बसवायची चर्चा सुरू आहे, तेव्हा खरं काय ते लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकात इमारत नवी होती. मागच्या मोकळ्या पट्टीत घाणेरी माजलेली. ती वरून छाटून भागत नाही, मुळासकट काढावी लागते. आमच्या शेजारचे दादा मालवणकडचे. त्यांची गिरणी बंद पडली होती आणि हात शिवशिवत होते. त्यांनी गावाहून कुदळ आणली. जाड पात्याची, नुसती उचलली तरी खांदा बोलू लागे. पहिल्या दिवशी नारळ ठेवून त्यांनी जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातलं, "चुकलामाकला पदरात घे." मी "होय म्हाराजा" म्हणालो आणि कामाला सुरुवात झाली.

"तिका मारतंस कित्याक रे?" दादा मला म्हणायचे. "उचल नि सोड. खाली जावचा ती बघता."

दर रविवारी आम्ही खणत असू. घामाघूम होऊन एखादं मूळ उपटलं की मासा गळाला लागल्यासारखा आनंद व्हायचा.

एका रविवारी दादा बाजारात गेले होते. ते परत येईपर्यंत सगळ्यात मोठं खोड काढून दाखवायचं मी ठरवलं, आणि नेमका कुदळीचा दांडा सैल झाला. अशा वेळी कुदळ बादलीत बुडवून ठेवायची, लाकूड फुगून घट्ट बसतं, हे दादांनी सांगितलं होतं. पण फुगायला वेळ लागतो आणि मला घाई होती. पाचर ठोकायला हातोडी मिळेना. बायको माहेरी गेली होती. मी स्वयंपाकघरातून तिचा वरवंटा उचलला. पाचर बसली. वरवंट्याचे मात्र दोन तुकडे झाले.

एक तुकडा नाल्यात टाकला. दुसरा खड्ड्यात घालून माती ओढली, आणि दादांना सांगितलं, इथलं मूळ निघालं.

बायको परतली आणि वरवंट्याचा शोध सुरू झाला. आदल्याच आठवड्यात दादांच्या बायकोने, म्हणजे वैनींनी, वाटपासाठी पाटा-वरवंटा नेला होता. वैनी म्हणाल्या, दोन्ही परत दिले. बायको म्हणाली, पाटा तेवढा आला. त्यानंतर दोन दारांमधली कालवणाच्या वाट्यांची ये-जा थांबली. मी जेवताना ताटात बघून जेवत असे.

पुढे त्या जागी घाणेरीला कोंब फुटला. फुटणारच, मूळ आतच होतं. दादांनी कुदळ सोडली आणि खालून टणकन आवाज आला. त्यांनी हाताने माती बाजूला केली. काळा, गुळगुळीत, वरून गोल दगड, उभा.

दादांनी कुदळ बाजूला ठेवली, चपला काढल्या. "राखणदार इलो," ते हळूच म्हणाले. गिरणी सुटल्यापासून त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता.

वैनी हळदकुंकू घेऊन धावल्या. बायकोही आली. तिने दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ज्या दगडावर रोज हात फिरतो, तो ओळखायला किती वेळ लागणार? मी घाणेरीची पानं मोजू लागलो. ती खाली बसली, दगडाला कुंकू लावलं आणि उठताना म्हणाली, "वैनी, मासळीबाजारातून तिसऱ्या आणल्यात, संध्याकाळी कालवण पाठवते."

घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "पाटा तरी कशाला ठेवलाय? तोही नेऊन पुरा."

दोन घरं पुन्हा एक झाली. पण त्या दिवाळीला वैनी बाजारातून नवाकोरा वरवंटा घेऊन आल्या. "माझ्याकडूनच खंय तरी गेलो आसतलो," म्हणाल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी वरवंटा घेतला आणि आत पाट्यावर नेऊन ठेवला. राखणदाराजवळून जाताना बायको मला हसून सांगायची, "नीट वाकून नमस्कार करा. माझ्या माहेरचा आहे तो." ती देवाघरी जाईपर्यंत हा विनोद आमच्यात राहिला, पण वैनींनी आणलेल्या त्या वरवंट्याकडे मला कधी सरळ बघवलं नाही.

परवा तो वरवंटा पिशवीत घालून मी वैनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वैनींनी दोन्ही हातांनी वरवंटा घेतला, मांडीवर ठेवला.

"म्हणजे मी दर अमावास्येक नारळ फोडतंय, तो वरवंट्याक?"

"अर्ध्या वरवंट्याला," मी म्हणालो.

त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, पदर तोंडाशी धरून. मग एकदम सावध झाल्या. मागच्या पट्टीतून दादांची काठी वाजत येत होती. या वयातही सकाळची पूजा ते कुणाला करू देत नाहीत.

"भावजीनू, ह्येंका सांगू नकात," त्या कुजबुजल्या आणि वरवंटा पदराखाली लपवला.