बुधवारचा बाजार, गुरुवारचं फेफरं

ये रे बाळा, असा जवळ ये. हे वाचताना कागद जरा जवळच धर, म्हणजे आजीनं कान धरलाय असं वाटेल. धरायचाच आहे. मित्राच्या लग्नात दोन पेले घेतलेस म्हणे! वर आईला ऐकवलंस, "घेतली त्या रात्री काही झालं का मला?" तिनं मला कळवलं आणि माझ्या हातातली पळी हातातच राहिली. हेच वाक्य, याच तोऱ्यात, मी तुझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलं आहे. आजार त्यांचा घेतलास तो घेतलास, निदान अक्कल तरी स्वतःची ठेवायचीस.

मी लग्न होऊन नाशकात तांबट आळीत आले, तो तेहतीस-चौतीसचा सुमार. उजाडल्यापासून आळीत तांब्यावर ठोके, आणि आमच्या मागच्या अंगणात भट्टी. बघायला आले तेव्हा मुलाला फेफरं येतं हे कुणी सांगितलं नव्हतं. "कधीमधी चक्कर येते," एवढंच. पहिल्यांदा पडलेले पाहिले तेव्हा हातपाय झाडत होते, तोंडाला फेस, आणि विस्तव हातभर अंतरावर. सासूबाई कांदा फोडून नाकाशी धरत होत्या. मी मात्र भट्टीकडेच बघत राहिले. त्या दिवसापासून मला एकच धास्ती: हे एक दिवस त्या विस्तवात पडणार.

पंचवटीतल्या दवाखान्याचं खारट औषध होतं. बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली. सकाळी एक खूण, संध्याकाळी एक खूण. चार महिने बरे गेले. मग पुन्हा पडायला लागले, आणि बाटली तर अगदी बरोबर खुणेवर! मला संशयानं धरलं. कंपाउंडर पाणी घालत असेल म्हणून बोट बुडवून चाटून पाहिलं, तर खारटच. मग शेजारणीवर नजर ठेवली, कारण ती नेमकी यांच्या जेवणाच्या वेळेला विरजण मागायला यायची. सासूबाईंचा संशय माझ्या पायगुणावर. घरात सगळे एकमेकांकडे तिरके बघत जेवायचे.

एकदा ते पडले म्हणून मी चुलीवरचं तसंच टाकून धावले. परत येऊन बघते तर भगर करपलेली. खरवडता खरवडता आठवलं, मागच्या खेपेलाही भगरच करपली होती. त्याच्या आधीच्या खेपेलाही. आणि भगर आमच्याकडे शिजायची फक्त सासूबाईंच्या गुरुवारच्या उपासाला.

गुरुवार सासूबाईंच्याही ध्यानात आला होता. पण त्या म्हणाल्या, "दत्ताचा वार तो. देवाच्या वारी बाहेरची बाधा तळमळते." आळीतल्या बायकांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, देवाला कशाला मध्ये घ्या? गुरुवारच्या आधी बुधवार असतो. बुधवारी गोदेकाठी, आपल्या गंगेवर, बाजार भरतो, आणि हे घागरी-हंडे घेऊन तिथे बसतात.

पुढच्या बुधवारी भाकरी द्यायचं निमित्त करून गेले आणि एका भाजीवालीच्या आडोशाला थांबले. देवळ्याकडचा एक शेतकरी लेकीच्या लग्नासाठी हंडा घेत होता. सौदा ठरला तसा म्हणाला, "चला मिस्तरी, लय घासाघीस केली, आता घसा ओला करू." आणि दोघं गुत्त्याकडे चालते झाले. भाकरी माझ्या हातातच.

तिन्हीसांजेला हे घरी आले ते पान चघळत. मी कंदिलाची काच पुसत बसले, पण डोळा मोरीवर. त्यांनी एका खुणेचं औषध वाटीत ओतलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि वाटी मोरीत उपडी केली.

"औषध सांडलं का हो?"

दचकले. "सांडलं नाही, ओतलं. कंपाउंडरचा हुकूम आहे, दारू पोटात असताना हे औषध घ्यायचं नाही. मी त्याचा शब्द मोडत नाही."

"अहो, दारू सोडा असं म्हणाला असेल तो!"

"तू फौजदार व्हायचीस. गिऱ्हाईक प्रेमानं पाजतं, नाही कसं म्हणू? आणि प्यायल्यावर पडलो का कधी? सांग ना."

तेही खरं होतं. प्यायले त्या दिवशी कधीच पडले नव्हते. पडायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

सकाळी हे तोंड धूत होते तेवढ्यात मी भट्टीवर दोन घागरी पाणी ओतलं. आले, पाहिलं आणि कडाडले, "कुणी केलं हे?"

"मी."

"डोकं फिरलंय तुझं!" म्हणत ओले कोळसे उपसायला वाकले, आणि वाकले ते तसेच भट्टीत तोंडावर पडले.

तोंड काळं झालं, कपाळाला खोक पडली. बाकी काही नाही. कोळसे गार होते.

आता सासूबाईंनी मला शाबासकी द्यावी की नाही? पण त्यांनी माझा दंडच धरला. "तुला कसं कळलं गं आज पडणार ते? काय घातलंस माझ्या लेकाला?" दारात बायका जमल्या. त्यांच्या नजरेत मी चेटकीण झाले होते.

"मी नाही घातलं. गंगेवरच्या गुत्त्यात घातलंय. शुद्धीवर आले की विचारा."

शुद्धीवर आले, जीभ चावलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भट्टीतल्या ओल्या कोळशांना हात लावून पाहिला. "आई, सोड तिला. खरं बोलते ती. दर बुधवारी घेतो मी."

आम्ही सासूसुना दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "चढते तेव्हापेक्षा उतरते तेव्हा जास्त धोका. त्यात औषधही चुकवलेलं."

"मग दारूवरच औषध दिलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन्ही गुंगीची. एखाद्या दिवशी उठायचाच नाही."

"औषध चुकवायचं नाही, दारूवर घ्यायचं नाही. म्हणजे दारूच सोडायची की! एवढं सरळ का नाही सांगत तुमचा कंपाउंडर?" सासूबाई उसळल्या.

पुढच्या बुधवारपासून सासूबाई स्वतः बाजारात हंड्यांशेजारी बसायला लागल्या. कुणी "चला मिस्तरी" म्हणालं की या पदर खोचून उठायच्या, "चला, मीही येते." गिऱ्हाईक पळायचं. आजार काही गेला नाही. वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी पडायचेच. पण गुरुवार मोकळा झाला. तरी मी बुधवारी पान खाऊन आलेल्या माणसाचं तोंड हुंगल्याशिवाय ताट वाढलं नाही. लग्नाला वीस वर्षं झाली तरी. चिडायचे, पण तोंड पुढे करायचे.

आता तुझं. त्या रात्री गोळी घेतलीस का रे? तुझी आई म्हणते, "घेतली असेल." मला हे 'असेल' चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलवर बसलास, हेही मला कळलंय. तुझी भट्टी ती. तिच्यावर पाणी ओतायला मी तिथे नाही.

म्हणून सांगते, या आठवड्यातच ये. बसने ये, आणि गोळ्यांचं पाकीट खिशात घालून ये. भगर करते, करपू देणार नाही. पाकीट उघडून मी बघणार नाही, शप्पथ. तूच दाखव.