डोक्यावर दोन टपल्या

चौकाअलीकडच्या टपरीवर मी चहा घेत होतो. समोरून येणारा एक दुचाकीवाला स्वतःच्या डोक्यावर दोन टपल्या मारत अनोळखी लोकांना सांगत होता, "पुढे मामा आहेत!" मामा म्हणजे ट्रॅफिक पोलीस. एका काकांनी लगेच गाडी थांबवून कोपरात अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"आता राहू द्या तसंच," मी सहज म्हणालो.

"डोकं माझंच आहे ना!" काका हसले.

परक्याचा दंड वाचवणारी ही माया मोठी गंमतशीर. मीही अशा टपल्या मारल्या आहेत. चौक ओलांडताच काकांनी हेल्मेट पुन्हा कोपरात अडकवलं. पुढे उतार आहे, खडीचे डंपर तिथेच वळतात. तिथे मामा नसतात, त्यामुळे कुणी कुणाला खूण करत नाही.