उघडं इंजिन

गॅरेजात आमच्या जुन्या गाडीच्या इंजिनाचं हेड दुरुस्तीसाठी उतरवून ठेवलं होतं. वर्षानुवर्षांच्या काजळीनं त्यातले व्हॉल्व्ह काळेठिक्कर पडले होते. माझे धाकटे दीर नाकाला रुमाल लावून वाकले.

"वहिनी, भंगारात द्या हो. या वयात कसली दुरुस्ती?"

माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, त्याच्या खाटेशी उभं राहूनही भावजी नेमकं हेच बोलले होते. काही माणसांना दुसऱ्याचं जगणंसुद्धा उधळपट्टी वाटते. अशांचा राग येत नाही, किळस येते.

चार दिवसांनी गाडी आणायला गेलो, तर भावजी सोबत होतेच. इंजिन गुरगुरलं. नवरा हसत स्टिअरिंगवर बसला, मी मागच्या सीटवर.

"दादा, मला घरी सोड," म्हणत भावजींनी मागचं दार धरलं.

"रिक्षा करा," मी म्हणाले आणि दार आतून ओढून घेतलं.